सहा महिन्यांची पाहुणी

पुण्या-मुंबईतच नव्हे, नाशिक, सांगली, कोल्हापूरच्याही कुठल्या मध्यमवर्गीय सोसायटीत जाऊन बंद दारांची चौकशी करा. ‘काकू अमेरिकेला गेल्यात, मुलीचं बाळंतपण आहे.’ ‘त्या दिवाळीला येतील, मग त्यांच्या विहीणबाई जातील.’ ‘त्यांचं आता असंच, सहा महिने इथं, सहा महिने तिथं.’ ही उत्तरं आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की त्यांतलं नवल संपलं आहे. उलट सांगणाऱ्याच्या आवाजात थोडा अभिमान असतो, ऐकणारीच्या मनात थोडा हेवा असतो. पण या सहा-सहा महिन्यांच्या हिशेबात एका बाईचं उतारवय कसं वाटलं जातं, ते कोण वाटतं आणि वाटण्याआधी तिला विचारलं जातं का, याबद्दल आपण बायका फारसं बोललेलो नाही. म्हणून हा लेख.

अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की घरात एक प्रश्न हमखास निघतो. ‘किती दिवस आई अशी ये-जा करणार? आता ग्रीन कार्डच करून टाकू.’ कुटुंब सल्ला केंद्रातल्या कामामुळे या चर्चा मला वरचेवर ऐकायला मिळतात. चर्चेत विमानाचं भाडं असतं, विम्याचा हप्ता असतो, कर असतो, इथल्या फ्लॅटचा भाव असतो. मुलगा बोलतो, जावई बोलतो, वडील हयात असतील तर तेही बोलतात. जिच्याबद्दल हे सारं चाललेलं असतं ती चहा करायला आत गेलेली असते. ‘आईचं काय, ती कुठंही रुळते’ या एका वाक्यात तिचं मत घेतल्यासारखं होतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: पाहुणी म्हणून पुन्हा पुन्हा जायचं की तिथली कायदेशीर रहिवासी व्हायचं, हा प्रश्न कुटुंबाच्या सोयीचा समजला जातो. खरं म्हणजे तो एका बाईच्या हक्कांचा प्रश्न आहे. दोन्ही वाटांवर तिला काही मिळतं, काही गमवावं लागतं. ते काय, हे तिला स्वतःला नीट ठाऊक असलं पाहिजे आणि निर्णय तिचा असला पाहिजे.

कागदावर पाहुणी, घरात कामकरी

आधी पाहुणीच्या व्हिसाचं पाहू. अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांना सामान्यतः बी-२ हा पर्यटकाचा व्हिसा मिळतो. भारतीयांना तो बहुधा दहा वर्षांचा आणि अनेक वेळा जाता येईल असा असतो. त्यामुळे पुष्कळ जणींचा समज होतो की आपल्याला दहा वर्षं राहायची परवानगी आहे. तसं नाही. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाण्याची मुभा. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी दर खेपेला ठरवतो. बहुतेक वेळा तो सहा महिने देतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. मुदत वाढवून हवी तर ती संपण्यापूर्वी वेगळा अर्ज करावा लागतो. तारीख उलटून गेली तर व्हिसा बाद होतो. १९९६ च्या कायद्याप्रमाणे, १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून परत गेलं तर तीन वर्षं आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहून गेलं तर दहा वर्षं पुन्हा प्रवेश मिळत नाही. एवढी महत्त्वाची ही तारीख आहे. पण ती स्वतः पाहिलेल्या किती आज्या आपल्याला भेटतात? ‘ते सगळं हा बघतो’ हे उत्तर ठरलेलं.

या व्हिसावर नोकरी करता येत नाही. आपल्या नातवाला खेळवणं ही काही नोकरी नव्हे, हे खरं. तरी ‘मूल सांभाळायला आले’ असं खिडकीवर म्हटलं तर अधिकारी त्याचा भलता अर्थ लावील, या भीतीनं घरोघरी आजीची उजळणी घेतली जाते. ‘कशाला आलात विचारलं तर फिरायला आले म्हणायचं. बाळाचं नाव काढायचं नाही.’ मग जन्मात खोटं न बोललेली बाई सामानात डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा घेऊन, ‘नायगारा बघायला आले’ असं घोकत रांगेत उभी राहते.

मला यातलं खोटं तितकंसं खटकत नाही. खटकतं ते हे की, तिचं काम इतकं अदृश्य आहे की ते बोलूनही दाखवायचं नाही. बाळंतिणीचा शेक-मालिश, बाळाची आंघोळ, रात्रीची जागरणं, दोन वेळचा स्वयंपाक, मोठ्या नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, कपड्यांच्या घड्या, आणि सून किंवा लेक कामावर गेली की दिवसभर बंद घरात एकटीनं मूल सांभाळणं. यासाठी तिथं बाई ठेवायची किंवा बाळ पाळणाघरात घालायचं तर मोठ्या शहरांत महिन्याला हजार डॉलरच्या वरच पैसे मोजावे लागतात. आजी आली की ते वाचतात. त्या वाचलेल्या पैशांचा उल्लेख होत नाही. उल्लेख होतो तो तिच्या तिकिटावर आणि विम्यावर झालेल्या खर्चाचा.

भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानं दाखवून दिलं की घरातलं बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, तर तसं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. निदान या देशात आपल्या बायकांची मिनिटं मोजली तरी गेली. न्यू जर्सीच्या किंवा सॅन होजेच्या घरात राबणारी आजी मात्र इथल्या मोजणीत येत नाही, कारण ती इथं नाही; आणि तिथल्या मोजणीतही येत नाही, कारण ती तिथली नाही.

निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेशी मी बोलत होते. सात वर्षांत त्यांच्या पाच खेपा झाल्या होत्या, प्रत्येक सहा महिन्यांची. म्हणजे अडीच वर्षं. मी तो आकडा सांगितला तेव्हा त्या चकित झाल्या. ‘मी कुठं राहिलेय परदेशात? मी आपली पाहुणी,’ त्या म्हणाल्या. अडीच वर्षांत त्यांचं तिथं बँकेत खातं नव्हतं, हातात त्यांचे असे पैसे नव्हते, गाडीशिवाय कुठं जाता येत नव्हतं आणि ओळखीचं म्हणावं असं माणूस म्हणजे बागेत भेटणारी एक गुजराती आजी. पाहुणी म्हणावं तर पाहुणचार नाही आणि घरची म्हणावं तर हक्क नाही.

आजारपण आलं की

पाहुणीच्या व्हिसाची खरी कसोटी लागते ती आजारपणात. पर्यटकांसाठीच्या विम्यात आधीपासून असलेले आजार बहुधा धरले जात नाहीत, किंवा फार तोकडे धरले जातात. साठी ओलांडलेल्या आपल्या बायकांत मधुमेह, रक्तदाब, गुडघे यांपैकी काहीच नाही अशी किती जणी असतील? मग छातीत दुखलं तरी ती सांगत नाही, कारण दवाखान्याच्या बिलाची दहशत तिनं ऐकलेली असते. सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेत भरून न्यायच्या, दात ठणकला तर लवंग धरायची आणि दिवस मोजायचे, असा हा मामला.

२०२० सालच्या मार्चमध्ये भारतानं आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली, तेव्हा या व्यवस्थेचं उघडं रूप दिसलं. सहा महिन्यांसाठी गेलेले कितीतरी आई-वडील तिकडं अडकले. गोळ्या संपल्या, विम्याच्या मुदती संपल्या, मुदतवाढीचे अर्ज करावे लागले. मे महिन्यात ‘वंदे भारत’ची विमानं सुरू झाली, तरी अनेकांचा नंबर लागायला बराच काळ गेला. त्याच काळात उलट बाजूचीही माणसं अडकली: ग्रीन कार्ड असलेली, पण हिवाळ्यापुरती भारतात आलेली, आणि आता वेळेत परत न गेल्यास कार्ड जाईल म्हणून धास्तावलेली. एक कागद इथं बांधून ठेवतो, दुसरा तिथं, हे तेव्हा चांगलंच कळलं.

ग्रीन कार्ड म्हणजे काय मिळतं?

ग्रीन कार्ड हे काही मनात आलं की काढता येत नाही. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक असावी लागते आणि वय २१ पूर्ण असावं लागतं. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. नागरिकांच्या आई-वडिलांना संख्येची मर्यादा नाही, त्यामुळे त्यांची रांग लांबत नाही. लांबते ती मुलांची. नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून जास्त येत नाहीत, म्हणून भारतीयांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं. पुढं नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे आणखी पाच वर्षं. म्हणजे मुलं पात्र होईपर्यंत आई पासष्ट-सत्तरीला आलेली असते आणि नातवंडांना सांभाळण्याची गरजही सरत आलेली असते. तिच्या अंगात बळ होतं तेव्हा ती पाहुणी होती. बळ सरल्यावर ती रहिवासी होणार, असा हा क्रम आहे.

रहिवासी झाल्यावर तिला नोकरी करता येते, आणि खात्यापासून गाडीच्या परवान्यापर्यंतच्या गोष्टी सोप्या होतात. हे किरकोळ नाही. बासष्टाव्या वर्षी एका शाळेच्या जेवणघरात अर्धवेळ काम धरणाऱ्या एक बाई मला माहीत आहेत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावानं पगाराचा चेक आला. ‘नातीला फ्रॉक घेतला, कुणाला विचारलं नाही,’ हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. अशा बाईला ‘तुमचं घर भारतात, तुम्ही परत जा’ असं म्हणणारी मी कोण?

पण ‘कार्ड झालं की सगळं मोफत’ हा समज साफ चुकीचा आहे. पासष्टीनंतरच्या लोकांसाठी असलेली ‘मेडिकेअर’ योजना नव्या रहिवाशाला लगेच मिळत नाही. पाच वर्षं सलग राहावं लागतं आणि त्यानंतरही, तिथं पुरेशी वर्षं नोकरी झालेली नसेल तर, हप्ते भरून ती घ्यावी लागते. गरिबांसाठीच्या सरकारी मदतीवरही १९९६ च्या कायद्यानं बहुतेक नव्या रहिवाशांना पहिली पाच वर्षं बंदी घातलेली आहे. तोवर खासगी विमा, म्हणजेच पुन्हा मुलाचा खिसा.

शिवाय ग्रीन कार्ड म्हणजे तिथं खरोखर राहण्याचं वचन. एक वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिलं तर कार्ड सोडल्यासारखंच धरलं जाऊ शकतं; जास्त थांबायचं असेल तर निघण्यापूर्वी परवाना काढावा लागतो, तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तरी परतताना चौकशी होऊ शकते. म्हणजे ज्या बाईला सहा महिने इथं आणि सहा महिने तिथं राहायचं आहे, तिला हे कार्ड सोयीचं असेलच असं नाही. २०२५ साली वयस्कर भारतीय कार्डधारकांना विमानतळावर आय-४०७ या फॉर्मवर सही करून कार्ड परत द्यायला सांगितलं गेल्याच्या बातम्या आल्या. हा फॉर्म स्वखुशीनं कार्ड सोडण्याचा आहे. सही करण्याची सक्ती नाही. ‘मला इमिग्रेशन न्यायाधीशापुढं जायचं आहे’ असं म्हणण्याचा हक्क कार्डधारकाला आहे. चौदा-पंधरा तासांचा प्रवास करून आलेली, इंग्रजीला बिचकणारी बाई पुढ्यात आलेल्या कागदावर सही करणार नाही तर काय? पुढ्यात आलेल्या कागदावर सही करायची, हेच तर आपण तिला आयुष्यभर शिकवलं.

इतर देशांतही थोड्याफार फरकानं हाच पेच आहे. कॅनडानं २०११ च्या अखेरीस आई-वडिलांसाठी ‘सुपर व्हिसा’ आणला. २०२२ पासून त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. पण निदान एक लाख कॅनडियन डॉलरचा विमा आधी दाखवावा लागतो आणि पाच वर्षं राहूनही ती पाहुणीच. ब्रिटननं २०१२ मध्ये वयस्क आई-वडिलांना बोलावण्याचे नियम इतके कडक केले की ती वाट जवळजवळ बंद झाली. आणि वारंवार पाहुणी म्हणून येऊन तिथंच राहणंही नियमात बसत नाही. ऑस्ट्रेलियात त्यातल्या त्यात लवकर कायमचं राहायचं तर माणशी ४० हजार डॉलरच्या वर भरायचे, नाहीतर कित्येक दशकांच्या रांगेत उभं राहायचं. साऱ्या श्रीमंत देशांचा हिशेब सारखाच दिसतो: तरुण हात हवेत, म्हातारे गुडघे नकोत. आजीनं यावं, राबावं आणि आजारी पडण्याआधी परत जावं.

लेकी-सुनांना दोष देऊन भागणार नाही

हे वाचून काही जणी म्हणतील, ‘आजकालच्या मुलीच स्वार्थी.’ हे मला मान्य नाही. अमेरिकेत बाळंतपणाची पगारी रजा देणारा, देशभर लागू असणारा कायदा नाही. १९९३ च्या कायद्यानं मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही सगळ्यांना नाही. आपल्याकडे संघटित क्षेत्रात तरी २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची पगारी रजा आली. तिकडच्या मुलीनं बारा आठवड्यांनी कामावर जायचं, तर बाळ कुणाच्या मांडीवर द्यायचं? नोकरी गेली तर नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसायचं, हे भय तिच्याही डोक्यावर असतं. ती आईला हाक मारते, कारण तिथलं सरकार तिच्या हाकेला ओ देत नाही.

म्हणजे एका बाईची नोकरी टिकते ती दुसऱ्या बाईच्या बिनमोल श्रमांवर. आणि गंमत पाहा, या साखळीत दोन्ही टोकांना बायकाच आहेत. सासरे गेले तर बागेत फिरतात, टीव्हीवर मराठी बातम्या बघतात, आठवड्यानं कंटाळतात आणि ‘मला तिथं करमत नाही’ म्हणून मोकळे होतात. ‘करमत नाही’ म्हणण्याचा हक्क बाईला कुठंय? आई सहा महिने, सासू सहा महिने असं वेळापत्रक लागतं. वडील आणि सासरे इथं डबा लावून राहतात. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर नवरा-बायको अर्धं वर्ष वेगळे राहतात आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

हा सारा प्रश्न सुखवस्तू घरांचा आहे, असाही आक्षेप येईल. काही अंशी खरा आहे. पण ‘पाहुणी’ हा शब्द गरीब बाईच्या वाट्याला आला की तो फास होतो, हेही लक्षात ठेवू या. आखाती देशांत घरकामासाठी जाणाऱ्या, कमी शिकलेल्या बायकांना सरकारची परवानगी लागते आणि तीस वर्षांखालील बाईला ती मिळत नाही. दलाल त्यावर तोडगा काढतात: ‘व्हिजिट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बघू.’ मग तिची नोंद कुठंच होत नाही. मालकानं छळलं, पगार बुडवला तर दाद मागायला हातात कागद नसतो. शिकलेल्या घरच्या आजीची आणि या बाईची तुलना होऊ शकत नाही. पण दोघींचंही काम ‘भेट’ या शब्दाखाली झाकलं जातं.

इथलं घर

ग्रीन कार्डाची चर्चा सुरू झाली की तिच्या मागोमाग इथल्या घराची चर्चा येते. माझ्या मते खरा धोका तिथं आहे. नवरा मृत्युपत्र न करता गेला असेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार घरात बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर नवऱ्याची आई, यांचा सारखा हिस्सा असतो. ‘घर आईचंच आहे’ असं सगळे म्हणतात. कागदावर दोन मुलं असलेल्या विधवेचा हिस्सा बहुधा एक-तृतीयांश असतो. त्यावरही ‘तू आता तिकडंच असणार’ म्हणून तिच्याकडून हक्कसोडपत्र नाहीतर कुलमुखत्यारपत्र करून घेतलं जातं. फ्लॅट विकला जातो, पैसे मुलाच्या तिकडच्या घराच्या कर्जात जातात.

अशी एक बाई केंद्रात आली होती. मुलाच्या संसारात कुरबुरी सुरू झाल्या, सासू नको झाली, आणि बाई ग्रीन कार्ड सोडून परत आल्या. पण परत कुठं? बहिणीच्या हॉलमध्ये, एका पलंगावर. त्यांचा मुलगा दुष्ट नव्हता. तो दर महिन्याला पैसे पाठवत होता. पण आपल्या दाराची किल्ली आणि पाठवलेले पैसे यांत जे अंतर आहे, ते त्या बाईला कळत होतं आणि मुलाला कळत नव्हतं.

आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आपल्याकडे आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. पण ती अट कागदावर लिहून घ्यायला हवी. आणि मूल परक्या देशाचं नागरिक झालं की इथल्या न्यायाधिकरणाचा हुकूम तिकडं अमलात आणणं कठीण असतं. म्हणून आधीच सावध राहिलेलं बरं.

पैशांचेही काही बारकावे आहेत. परदेशात कायमची राहायला गेली की ती अनिवासी ठरते. बँकेचं साधं खातं अनिवासी खात्यात बदलावं लागतं, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवीन पैसे घालता येत नाहीत. ग्रीन कार्ड असेल तर इथलं व्याजही तिथल्या करासाठी मोजलं जातं, आणि इथल्या खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या बाईनं हयातीचा दाखला दर वर्षी द्यायचा असतो, हे तर तिला ठाऊक असायलाच हवं.

एक गोष्ट मात्र तिच्या बाजूची आहे आणि ती फार कमी जणींना माहीत असते. आई-वडिलांसाठी अर्ज करणाऱ्या मुलाला त्यांच्या निर्वाहाची हमी लिहून द्यावी लागते. ही हमी म्हणजे करार असतो. मुलाशी बिनसलं म्हणून तो संपत नाही आणि त्याच्या आधारे आई न्यायालयात जाऊ शकते. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्यात २००५ च्या पुनर्मंजुरीच्या वेळी अशीही तरतूद आली, की नागरिक असलेला सज्ञान मुलगा किंवा मुलगी छळ करत असेल तर आई-वडील त्यांच्यावर अवलंबून न राहता, स्वतःच ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकतात. न्यू जर्सीतली ‘मानवी’ (१९८५) आणि न्यूयॉर्कची ‘सखी’ (१९८९) या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीच्या संघटना आहेत. ही नावं बॅगेतल्या वहीत लिहिलेली असावीत, मुलगा कितीही गुणी असला तरी.

मग काय करावं?

मला विचाराल तर सांगते. नवरा हयात आहे, हातपाय चालतात, मैत्रिणी, भिशी, भजनी मंडळ, नेहमीचा डॉक्टर सगळं इथं आहे, अशा बाईनं पाहुणी म्हणूनच जावं. पाहुणी असण्यात कमीपणा काहीच नाही. पाहुणीला परत येण्याचा हक्क असतो आणि तो मोठा आहे. जी इथं अगदी एकटी आहे, जिला मनापासून तिकडं राहावंसं वाटतं, किंवा जिला नव्यानं काही करायची उमेद आहे, तिनं ग्रीन कार्ड जरूर घ्यावं. पण ‘जाण्या-येण्याचा त्रास वाचेल’ एवढ्याच कारणासाठी घेऊ नये. तो त्रास वाचतो, पण परतीचा रस्ता बुजतो.

वाट कोणतीही घेतली तरी काही गोष्टी आग्रहानं कराव्यात. पासपोर्ट आणि परतीचं तिकीट आपल्या कपाटात ठेवावं. आय-९४ वरची तारीख स्वतः वाचावी, वाचता येत नसेल तर नातवाकडून वाचून घ्यावी आणि पाठ करावी. विम्याच्या कागदात आपला आजार बसतो का, हे निघण्यापूर्वी विचारावं. राहतं घर विकू नये. निदान पाच वर्षं तरी नाही. हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र यांपैकी कशावरही सही करण्यापूर्वी मुलांचा नव्हे, आपला वकील गाठावा. आणि सर्वांत अवघड म्हणजे, जाण्यापूर्वी कामाचं बोलून घ्यावं: दिवसाचे किती तास मूल माझ्याकडे, सुट्टीचा दिवस कोणता, माझ्या हाती खर्चाला किती. आईनं लेकीकडं असला हिशेब मागायचा, हे ऐकायलाही कसंसं होतं, ठाऊक आहे मला. पण जे बोललं जात नाही ते गृहीत धरलं जातं, हा आपल्या चळवळीनं शिकवलेला पहिला धडा आहे.

मुलांनाही एक सांगणं आहे. आईच्या तिकिटाचा खर्च लिहिता, तसे तिच्यामुळं वाचलेले पाळणाघराचे पैसेही एकदा लिहून पाहा. त्यांतला काही भाग तिच्या नावानं, तिच्या इथल्या खात्यात टाका. ती परतफेड नव्हे, ती मोजणी आहे.

आणि आपण, संघटनांनी? वारसा हक्क, पोटगी, हिंसाचार यांवर आपण शिबिरं घेतो, तशी या आज्यांसाठीही घेऊ या. पुण्या-मुंबईत इमिग्रेशनचे सल्लागार गल्लोगल्ली आहेत, पण ते मुलांशी बोलतात, कारण फी मुलं भरतात. बाईला तिच्या भाषेत, तिच्या बाजूनं सांगणारं कुणीतरी हवं. एका दुपारी चार-पाच जणी जमवल्या तरी कितीतरी अनुभव बाहेर येतील.

तुमच्या घरातली, शेजारची किंवा तुम्ही स्वतः अशी सहा महिन्यांची पाहुणी असाल तर जरूर लिहा. तिकडं काय मिळालं, काय सुटलं, कोणत्या कागदावर सही केली आणि कोणती करायला नको होती. या गोष्टी एकमेकींना सांगितल्या तर पुढच्या विमानात बसणारीला थोडं बळ येईल.